उघडला म्हणून बिघडला

आमच्या ‘सोबत’ मिक्सरच्या पुस्तिकेत चौदाव्या पानावर मिक्सर घरच्या घरी कसा उघडायचा ते चित्रांसकट दिलं होतं. पंधराव्या पानावर लिहिलं होतं, मिक्सर उघडल्यास हमी संपेल. दोन्ही पानं मीच लिहिली. चौदावं मनापासून लिहिलं आणि पंधरावं सांगितलं म्हणून. पण छापून आल्यावर कुठलं पान कुठल्या मनाने लिहिलंय ते कुणाला कळतं?

मी वैजयंती. रबाळ्याच्या एमआयडीसीत घरगुती उपकरणं बनवणारी एक कंपनी आहे, तिथे बावीस वर्षं डिझाइनमध्ये आहे. त्यातली एकोणीस वर्षं मी काय केलं ते ऐका. गिऱ्हाइकाला आपल्याच वस्तूच्या आत डोकावता येऊ नये, याची सोय केली. बाजारात कुणाकडे पाना मिळणार नाही असले स्क्रू निवडले. उघडायला गेलं की तुटतील अशा खाचा काढल्या. पंखा, इस्त्री, मिक्सर, सगळ्यांना मी छान बंद केलं. त्याबद्दल मला दोनदा बक्षीसही मिळालं.

मग एकदा माझ्याच घरचा मिक्सर बंद पडला. आत फक्त कपलर झिजला होता. कपलर म्हणजे भांडं ज्याच्यावर बसतं आणि फिरतं ती काळी चकती, वडापावच्या किमतीत मिळते. ती बदलायला मला स्वतःच्याच डिझाइनच्या तीन खाचा मोडाव्या लागल्या. ओट्याशी उभी राहून मी मलाच अशा शिव्या घातल्या की नवरा आतल्या खोलीतून बघायला आला.

त्या रागातून ‘सोबत’ झाला. तळाला तीन रुंद खाचेचे स्क्रू, रुपयाच्या नाण्याने फिरणारे. कपलर, मोटरचे कार्बन, खालचं लाल बटण, जे जे नेहमी बिघडतं ते बाईने स्वतः बदलावं. खोक्यातच एक जास्तीचा कपलर आणि कार्बनची जोडी. मीटिंगला पाच पुरुष होते आणि मी. त्या पाचांतल्या एकानेही जन्मात मिक्सरचं भांडं विसळलेलं नसावं, पण बायकांना काय झेपेल यावर ते दीड तास बोलले. शेवटी आमचे प्रॉडक्ट हेड श्यामसुंदर म्हणाले, “डिझाइन पास करतो. पण स्क्रूवर लाल लाखेचा ठिपका टाकायचा. स्क्रू फिरला की लाख तडकेल. लाख तडकली की वॉरंटी खतम.”

मी हो म्हटलं. मिक्सर उघडता येतोय ना, मग राहू दे ठिपका, असा हिशोब केला. पदरी पडलं पवित्र झालं.

वाचता न येणाऱ्या बाईलाही पुस्तिका चित्रांवरून कळते का, ते बघायला मी गंगूमावशीकडे गेले. मावशी सारसोळ्याच्या. नेरूळला आमच्या सोसायटीपासून गाव चालत दहा मिनिटं. त्यांच्याकडून मी कित्येक वर्षं मासळी घेत होते. त्यांनी चित्रांकडे एकदा बघितलं, मिक्सर मांडीवर उपडा घेतला आणि चौथ्या मिनिटाला कपलर काढून माझ्या हातात ठेवला.

मी म्हटलं, “भीती नाही वाटली मावशी? नवी वस्तू, विजेची.”

“भ्याचा काय त्यात?” त्या म्हणाल्या. “दर्यात जालं फाटलं तं कोन कंपनीला बोलवतं? सुई घ्याची नि बसाचं.”

हे वाक्य मी कंपनीत सांगितलं आणि हात दाखवून अवलक्षण केलं. श्यामसुंदर खूश झाले. त्यांनी मावशींची जाहिरात काढली. नाकात नथ, मांडीवर मिक्सर, हातात नाणं, वर तेच वाक्य. ती जाहिरात सारसोळ्यात घराघरात मोबाइलवर फिरली. मावशींच्या गल्लीतल्या दहा जणींनी ‘सोबत’ घेतला. मावशींचा धरून अकरा. कंपनीवर विश्वास म्हणून कुणी घेतला नव्हता, गंगू सांगते म्हणून घेतला होता.

पुढचे काही महिने मी सुखात होते, हे कबूल करते. गल्लीत कुणाचा कपलर गेला की ती मावशींकडे यायची. मावशी पैसे घेत नसत, वाटीभर मसाला नाहीतर मूठभर सुकट घेत. त्यांनी चार मिक्सर उघडले, चारही चालू केले. शेजारच्या काशीबाई, ज्यांनी आयुष्यात कुणाला बरं म्हटलं नसेल, त्याही म्हणाल्या की गंगूच्या हाताला गुन हाय. मावशींनी मला हे दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना पहिल्यांदा सांगितल्याचं त्यांना आठवत नव्हतं असं मुळीच नाही.

मग एप्रिल आला. मसाल्याचे दिवस. मोठा मसाला बायका डंकणीवर कांडून आणतात, पण ऑर्डरीचा, किलो-दोन किलोचा, घरीच मिक्सरवर करतात. त्यांची एक रीत आहे. एकाच ओटीवर सगळ्यांचे मिक्सर ओळीने मांडायचे. एक तापला की त्याला विसावा द्यायचा आणि पुढच्यावर दळायचं, मग तो कुणाचा का असेना. संध्याकाळी मात्र कुणाचा कुठला कळेना, सगळे एकाच रंगाचे. खाडीत जाळ्यांना बांधलेल्या तरंगत्या बोयांना जसा घराघराचा वेगळा रंग असतो, तसा मावशींनी मिक्सरना दिला. होडीच्या उरलेल्या ऑइलपेंटचा एकेक ठिपका. नव्या वस्तूचं तोंड कशाला खराब करा म्हणून तो लावला तळाला, आणि ओट्यावर घासून जाऊ नये म्हणून स्क्रूच्या खोलगट डोक्यावर. अकराही मिक्सरना.

मेच्या पहिल्या पंधरवड्यात सहा मिक्सर जळाले.

गल्लीतून तक्रार गेल्यावर सानपाड्याच्या सर्व्हिस सेंटरमधून पोपट नावाचा माणूस आला. त्याने एकही मिक्सर लावून बघितला नाही. उपडा केला, स्क्रूवर रंग बघितला, तडकलेली लाख लपवायलाच तो लावला असं धरलं आणि लिहिलं, ग्राहकाने उघडला. सहाही कागदांवर तेच. जाताना ओटीवर बसलेल्या बायकांना सांगून गेला, “ज्यांनी खोलला त्यांना विचारा आता.”

तिसऱ्या दिवशी गंगूमावशी कंपनीच्या गेटवर आल्या. नेसूचं चांगलं लुगडं, बाजाराच्या पिशवीत मिक्सर. वॉचमनने आत सोडलं नाही, म्हणून मी बाहेर गेले.

“ताई, मना एकच सांग,” त्या म्हणाल्या. “मी खोलला म्हनून बिगडला का?”

“बघून सांगते, मावशी.”

“काशी बोलते, गंगूनं हात लावला नि आमच्या मिक्सरची माती केली. पान्यावर गेली तं बायका गप होतात. सूनबाई घरात बोलते, तुमाला कोनी सांगितलेला शानपना?” त्यांचा आवाज चढला नव्हता. “माजी चूक असंल तं चूक बोल. मी सगल्यांच्या पाया परेन. नसंल तं गल्लीत येऊन तू सांग. माजा कोन ऐकत नाय आता. तुजा ऐकतील.”

मी म्हटलं, येते. आणि खरंच यायचं म्हणूनच म्हटलं.

सहाही मिक्सर मी लॅबमध्ये मागवले. आधी मावशींचा उघडला. मोटरच्या खालच्या टोकाला मी बॉल बेअरिंग दिलं होतं. तिथे स्वस्तातला पितळी बुश, म्हणजे नुसती कडी, बसवलेला, कोरडा ठणठणीत. मोटरचा फिरता दांडा त्यात रुतला होता आणि मोटर जळून काळी झाली होती. खरेदी विभागाने परस्पर बदल केला होता आणि मला विचारलंही नव्हतं. दुसरा मिक्सर, तेच. तिसऱ्याच्या स्क्रूवरचा निळा ऑइलपेंट मी नखाने खरवडला, तर त्याचा पापुद्रा अख्खा निघून आला. खाली लाल लाख. न तडकलेली, कारखान्यातून निघाली तशी.

म्हणजे हा मिक्सर कुणी उघडलेलाच नव्हता. चौथ्याचं तेच, पाचव्याचं, सहाव्याचं. सहातले चार मिक्सर जन्मापासून बंद होते आणि तरीही तसेच जळाले होते. गंगूमावशीचा हात लागलेले आणि न लागलेले सगळे एकाच रोगाने मेले होते. यापेक्षा सरळ पुरावा मला बावीस वर्षांत मिळाला नव्हता. मला इतका आनंद झाला की लॅबमध्ये मी एकटीच हसले.

फोटो काढून मी श्यामसुंदरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी शांतपणे सगळे बघितले. नाकारलं काहीच नाही, आणि मला तीच गोष्ट नंतर टोचत राहिली.

“बुशचं मला माहितीये,” ते म्हणाले. “पुढच्या लॉटमध्ये बॉल बेअरिंग टाकतोय. तू टेन्शन घेऊ नकोस.”

“आणि हे सहा? बाजारात आहेत ते?”

“बाजारात अकरा हजार आहेत. परत बोलवले तर मॉडेल बंद. मॉडेल बंद झालं की वर काय बोलतील, माहितीये? बुशचं नाव कोणी नाय काढणार. बोलतील, उघडता येणारा मिक्सर फेल गेला, वैजयंतीचा हट्ट होता.” त्यांनी फोटो माझ्याकडे सरकवले. “तुझं डिझाइन वाचवायचंय ना? मग त्या गल्लीचं मिटव. सहा नवीन पीस देतो, फ्री. फक्त रिपोर्टवर कारण पाहिजे, ग्राहकाने उघडल्यामुळे. तिकडे जाऊन पण तेच सांग. एक बाई दोन दिवस नाराज होईल, बाकी काय?”

मी भांडले असं सांगायला मला आवडलं असतं. मी एवढंच विचारलं, पुढच्या लॉटला बॉल बेअरिंग नक्की ना? ते म्हणाले, नक्की. मग मी सही केली. मनाशी म्हटलं, मिक्सर टिकला तर उद्या हजारो बायका आपल्या हाताने उघडतील. हजार बायकांसाठी एक गंगूमावशी. असले हिशोब मांडताना माणसाला आपण किती थोर आहोत असं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. वड्याचं तेल वांग्यावर काढलं आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली.

सारसोळ्याला मी रविवारी गेले. टेम्पोत सहा नवे मिक्सर. मावशींच्या ओटीवर सगळ्या जमल्या होत्या. मावशींनी माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची पुसून ठेवली होती, आणि त्या खुर्चीजवळच उभ्या होत्या. माझ्या बाजूच्या असल्यासारख्या.

मी मिक्सर वाटले. मग म्हटलं, “कंपनीने तपासणी केली. मिक्सर उघडल्यामुळे बिघाड झाला. यापुढे कुणी उघडू नका, सर्व्हिस सेंटरला फोन करा. या वेळी कंपनीने समजून घेतलंय.”

काशीबाईंनी मान हलवली. मावशी माझ्याकडे बघत होत्या. वाक्य अजून संपलेलं नाही, पुढे काहीतरी येईल, असं वाटत असावं त्यांना.

मग त्या म्हणाल्या, “ताई, मी चारच खोलले. तुजे कंपनीनं सा नेले. जे मी खोललेच नाय ते कशे गेले?”

अडाणी म्हणतो आपण यांना. मीटिंगमधल्या त्या पाच जणांना जो प्रश्न पडला नव्हता तो त्यांना पडला होता. आणि त्याचं उत्तर माझ्या पर्समध्ये मोबाइलवर होतं, चार फोटो, चार न तडकलेले लाल ठिपके. तेव्हाही मी मोबाइल बाहेर काढू शकले असते.

मी म्हटलं, “त्यांना तुम्ही रंग लावलात ना मावशी? तो स्क्रूच्या भोकातून आत गेला. मोटरला चिकटला.”

हे मला कुणी सांगायला सांगितलं नव्हतं. श्यामसुंदरांच्या डोक्यातही आलं नव्हतं. बावीस वर्षांच्या अनुभवातून ते तिथल्या तिथे सुचलं. खोटं बोलायलाही ज्ञान लागतं, आणि ते माझ्याकडे भरपूर होतं.

आता बायका बोलायला लागल्या. ज्यांचे मिक्सर मावशींनी उघडलेच नव्हते त्या आजवर गप्प होत्या. त्या जास्त चिडल्या. “माज्याला कशाला रंग फासलास गो? मी बोललेली का तुला?” कुणीतरी म्हणालं, टीवीत आली तं स्वताला इंजिनेर समजाला लागली. ती टीव्हीत आली नव्हती, मोबाइलवर आली होती, पण ते कोण दुरुस्त करणार? मावशींनी सुनेला हाक मारली, “रुतिका, ताईंना चा कर.”

चहा आला. मी तो प्याले. आलं घालून केलेला, चांगला चहा होता.

पुढची गोष्ट थोडक्यात. दिवाळीआधी वरच्या लोकांपुढे श्यामसुंदरांनी ‘सोबत’चा आढावा मांडला. पडद्यावर माझा रिपोर्ट होता, माझ्या सहीसकट. सारसोळ्याच्या गल्लीतल्या अकरांपैकी सहा मिक्सर ग्राहकाने उघडल्यामुळे निकामी. मुख्य डिझायनरचंच मत आहे, ते म्हणाले, सामान्य ग्राहकाला उघडू देणं धोक्याचं. मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण खाली सही माझी होती. नव्या ‘सोबत’ला बॉल बेअरिंग मिळालं. श्यामसुंदरांनी शब्द पाळला. तळ मात्र आता एकसंध आहे, गोंदाने बंद केलेला. पुस्तिकेतून चौदावं पान गेलं, पंधरावं राहिलं. म्हणजे ज्याच्यासाठी मी मावशींना विकलं तेही हातात राहिलं नाही.

त्यानंतर एका सकाळी मी सारसोळ्याला गेले. पाच महिने मी मासळी दुसरीकडून घेत होते. मावशी घरात एकट्याच होत्या, पुठ्ठ्याने वारा घेत. समोर टेबलफॅन बंद उभा होता. त्याची पिन वायरीतून सुटलेली लांबूनही दिसत होती.

“हलवा मिळेल का मावशी?” मी विचारलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची जुनी सवय.

“आता बाजारात गंगू बसत नाय. सून बसते. तिला सांगते.”

मी फॅनकडे बोट दाखवलं. “वायर सुटलीय नुसती. तुमचं दोन मिनिटांचं काम.”

“नको. आयतवारी माजा पोरगा मितेश येल न्हावा शेव्यावरनं, तो बगेल. मी कशाला हात लावत नाय आता. मी लावला नि दुसरा काय गेला तं परत माज्याच नावानं बोंब.”

ज्या बाईने चार मिनिटांत मिक्सर उघडून माझ्या हातात कपलर ठेवला होता, ती सुटलेल्या वायरीसाठी रविवारची वाट बघत घामाने भिजून बसली होती. मला रडू आलं. मी रडले नाही, तो अधिकार माझा नव्हता. पण जे बोलायला पाच महिने लागले ते बोलले. बुशचं सांगितलं, रंगाखालच्या लाखेचं सांगितलं. “तुमची चूक नव्हती मावशी. उघडल्याने काही झालं नव्हतं. रंगाचंही मी खोटं बोलले.”

पुठ्ठा हलायचा थांबला नाही.

“मना ठावं होता,” त्या म्हणाल्या. “पहिल्या दिवसापासना. माजा हात मना कलत नाय का? पन हे मना सांगून काय? मी घरातली. जाताना ओटीवर काशी नि त्या बसल्यात, त्यांना सांग. तेवराच कर.”

“सांगते,” मी म्हटलं.

बाहेर आले. ओटीवर काशीबाई आणि आणखी तिघी सुकट निवडत बसल्या होत्या. काशीबाईंनी मला ओळखलं. “काय ताई, बरा चाललाय तुमचा मिक्सर. आता कोनाला हात लावाला देत नाय मी.”

या वेळी श्यामसुंदर नव्हते, रिपोर्ट नव्हता, वाचवायला डिझाइनही उरलं नव्हतं. भीती वाटावी असं काहीच नव्हतं. फक्त चार बायकांसमोर स्वतःला खोटारडी म्हणायचं होतं, आणि आत मावशी ऐकत असणार हे मला माहीत होतं.

“बरं झालं,” मी म्हटलं, आणि स्कूटरची किल्ली शोधायला लागले.